देवाला वाहिलेला माणूस : खेळांतला आणि माळेगांवचा

देव आणि माणूस यांच्यामध्यें उभा राहणारा माणूस बहुतेक प्रत्येक समाजानें निर्माण केला आहे. कोठें त्याला पुरोहित म्हणतात, कोठें भगत, कोठें साधु. त्याच्या ठिकाणीं जें सामर्थ्य आहे असें लोक मानतात, तें त्याचें स्वतःचें नसून देवाकडून आलेलें असतें. अशा माणसाला एखाद्या खेळाच्या नियमांत बसवावयाचें झालें तर काय करावें लागेल? प्रश्न वरवर पाहतां गमतीचा वाटेल. परंतु अमेरिकेंत तो गंभीरपणें सोडविला गेला आहे. त्या उत्तराशेजारीं मराठवाड्यांतील एक जुनी परंपरा ठेवून पाहिली, म्हणजे दोहोंचेंहि स्वरूप अधिक स्पष्ट होतें.

हा खेळ म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. चार-सहा मंडळी टेबलाभोवतीं बसतात. एकजण कथेचा सूत्रधार होतो आणि बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग उभा करतो, आपलें पात्र काय करील तें खेळाडू सांगतो, आणि जेथें यशाची खात्री नसते तेथें फांसा निकाल देतो. सारीपाटाच्या फांशाहून हे फांसे निराळे. त्यांतील एकाला तर वीस बाजू असतात. प्रत्येक पात्र कोणत्या तरी वर्गाचें असतें, आणि त्याला काय साधेल व काय वर्ज्य आहे, हें तो वर्ग ठरवितो. आरंभीं असे वर्ग तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि ‘क्लेरिक’, म्हणजे देवाचा उपासक.

या उपासकाची जन्मकथा मनोरंजक आहे. आर्नेसनच्या मंडळींत एका खेळाडूचें पात्र रक्तपिपासु पिशाच बनलें आणि इतरांना तें आवरेना. त्यावर उतारा म्हणून हा उपासक निघाला, आणि प्रेतपिशाचांना मागें हटविणें हें त्याचें खास काम ठरलें. त्यानें धारेचें शस्त्र वापरूं नये, गदेनें लढावें, असाहि नियम झाला. मध्ययुगीन युरोपांतील धर्मगुरूंना रक्त सांडण्याची मनाई होती, या समजुतीचा तो अवशेष होय; बायो येथील प्रसिद्ध भरतकामांत बिशप ओदो रणांगणावर सोटा घेऊन दाखविला आहे. सर्वांत अर्थपूर्ण नियम मात्र निराळाच होता. पहिल्या पायरीवरच्या उपासकाला एकहि मंत्र मिळत नसे. निष्ठा आधीं आणि कृपा मागाहून, असा तो क्रम होता. १९७५ सालच्या पुरवणीत ‘पॅलडिन’ नांवाचा धर्मवीर आला, आणि तो मार्गभ्रष्ट झाला तर त्याचें सामर्थ्य काढून घेतलें जाऊं लागलें. दैवी सामर्थ्याला अटी असतात, एवढें या खेळाच्या कर्त्यांनीं बरोबर ओळखलें होतें.

परंतु त्यांच्यासमोर नमुना होता तो युरोपचा. तोच प्रश्न नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, मुखेडच्या परिसरांत विचारला, तर उत्तर कोणतें येईल? जवळच्या लोहा तालुक्यांत माळेगांव येथें खंडोबाचें ठाणें आहे. मार्गशीर्षाच्या अखेरीस तेथें जी यात्रा भरते, ती घोडे, गाढवें, उंट इत्यादि जनावरांच्या बाजारासाठीं दूरवर प्रसिद्ध आहे. या खंडोबाचा देवाला वाहिलेला सेवक म्हणजे वाघ्या.

वाघ्या होण्याची रीत अशी. मूल होत नाहीं, किंवा झालेलें जगत नाहीं, असें जोडपें खंडोबाला नवस बोलतें, आणि मूल झाल्यावर तें देवाला अर्पण करतें. मुलगा असेल तर तो वाघ्या, मुलगी असेल तर ती मुरळी. दीक्षेच्या वेळीं गुरु वाघ्याच्या गळ्यांत व्याघ्रचर्माची पिशवी बांधतो आणि तींत भंडारा, म्हणजे हळदीची पूड, भरतो. वाघ्याचें नांव या वाघाच्या कातड्याशींच जोडलें जातें. हातीं घोळ नांवाची घंटा, वाजविण्यास दिमडी व तुणतुणें, भिक्षेसाठीं कोटंबा, गळ्यांत कवड्यांची माळ: ही त्याची सामग्री. कांहीं वाघ्ये घरसंसार संभाळून नेमापुरती वारी मागतात, त्यांना घरवाघ्ये म्हणतात. दारोदार फिरून भिक्षेवर राहणारे ते दारवाघ्ये.

वाघ्याचें सामर्थ्य दिसतें तें जागरणांत. लग्नकार्यानंतर किंवा नवस फेडतांना घरीं रात्रभर खंडोबाचें जागरण घालतात. चौक भरून घट मांडतात, दिवटी पेटवितात, आणि वाघ्या-मुरळी गावोगांवच्या देवांना नांवें घेऊन पाचारण करतात. मग मल्हारीची कथा, गाणीं, विनोद आणि सवाल-जबाब पहाटेपर्यंत चालतात. लोखंडी सांखळी हिसड्यानें तोडण्याचा ‘लंगर तोडणें’ हा विधीहि वाघ्याकडेच असतो. याच्या अगदीं उलट टोंकाला दुसरा आचार आहे. वाघ्या स्वतःला खंडोबाचा कुत्रा मानतो. ठराविक प्रसंगीं तो कुत्र्यासारखा भुंकतो आणि कोटंब्यांतील अन्न तोंडानें खातो. एकाच माणसाच्या अंगावर वाघाची खूण आणि कुत्र्याचें दास्य अशीं दोन्ही असावीं, ही कल्पना अमेरिकन खेळाच्या कर्त्यांना सुचली नाहीं. त्यांचा उपासक पायरीपायरीनें वर चढतो. वाघ्याची थोरवी त्यानें किती खालीं बसावें यावर अवलंबून असते.

हा उपासक एकट्या मराठी मुलखाचा नाहीं. खंडोबालाच कर्नाटकांत मैलार आणि तेलुगु भागांत मल्लण्णा म्हणतात. मैलाराचे सेवक गोरवय्या. बळ्ळारीकडील मैलार क्षेत्रीं त्यांच्यांतील एकजण उंच धनुष्यावर चढून वर्षाचें भविष्य एका वाक्यांत सांगतो. तेलंगणांत ओग्गु कथेकरी मल्लण्णाची कथा गातात. ‘येळकोट’ या घोषाचें मूळहि बहुधा कानडी ‘एळु कोटि’, म्हणजे सात कोटि, या शब्दांत सांगतात. मुखेड-देगलूरच्या बाजूला तिन्ही भाषा एकमेकींच्या शेजारीं नांदतात, म्हणून तेथें हें सहज समजतें. रा. चिं. ढेरे आणि जर्मन पंडित गुंथर सोंथायमर यांनीं या दैवताचा जो अभ्यास केला, त्यांतहि हा त्रिभाषिक धागा महत्त्वाचा ठरला आहे.

येथवर खेळाच्या आणि यात्रेच्या उपासकांत साम्य पुष्कळ दिसतें: दीक्षा, खुणेचीं साधनें, वर्ज्यावर्ज्य, दैवी कृपा. मुख्य भेद मात्र मुळाशींच आहे. खेळांत वर्ग कोण निवडतो? खेळाडू स्वतः. वाघ्याच्या बाबतींत ती निवड त्याच्या जन्मापूर्वींच झालेली असते. नवस आईबापांचा आणि फेड लेंकराची. मुलाच्या वांट्याला निदान घरवाघ्या होऊन संसार करण्याची सवड राहिली. मुलीला ती राहिली नाहीं. मुरळीचें लग्न देवाशीं लागलें म्हणजे माणसाशीं तिचा विवाह बंद झाला, आणि तिच्या असहायतेचा गैरफायदा घेणारे पुष्कळ निघाले. विसाव्या शतकाच्या आरंभीं शिवराम जानबा कांबळे यांनीं या चालीविरुद्ध चळवळ केली. १९३४ सालीं मुंबई इलाख्यांत देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. परंतु मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत असल्यामुळें तो येथें लागू नव्हता. पुढें महाराष्ट्र राज्यानें देवदासी प्रथेच्या निर्मूलनासाठीं २००५ चा अधिनियम केला. आज जागरणांत मुरळी म्हणून नाचणारी स्त्री कलावंत असूं शकते. मुलीला देवाशीं लग्न लावून वाहणें मात्र गुन्हा आहे.

तेव्हां कोणी मराठी तरुण वाघ्यावरून अशा खेळासाठीं नवा वर्ग रचूं लागला, तर भंडारा उधळून शत्रूला दिपविणें आणि लंगर तोडून बंधनें फोडणें हे नियम त्याला सहज सुचतील, आणि ते शोभतीलहि. परंतु तेवढ्यानें वाघ्या उभा राहणार नाहीं. त्याला घरोघर हात पसरावा लागला पाहिजे. त्याचें जागरण कोणा यजमानाच्या अंगणांतच फळलें पाहिजे, एकट्याला तें साधतां कामा नये. आणि पात्र निर्माण करतांना पहिला प्रश्न हा असला पाहिजे, कीं याचा नवस कोणी बोलला आणि तो फेडण्यास हा स्वतः राजी आहे काय. खेळाडूला या प्रश्नाचें उत्तर देण्याची मोकळीक असते. माळेगांवच्या वाटेनें गेलेल्या कित्येक मुलींना तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.