२२ बोअर रायफलीची निवड व निगा
परवानाधारकाने २२ बोअरची रायफल घेताना नळी आतून गंजविरहित व तिचे तोंड निर्दोष असल्याची खात्री करून घ्यावी. एकच काडतूस सर्व रायफलींस मानवत नाही. यास्तव रायफल टेकूवर ठेवून ५० मीटरवर प्रत्येक बनावटीच्या पाच गोळ्या झाडाव्यात; ज्यांची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतील, ती काडतुसे निवडावीत. रायफल रिकामी असल्याचे पाहून नळी मागील बाजूने पुसावी. गजाने तोंड झिजल्यास नेम बिघडतो. या काडतुसाचे स्फोटक बुडाच्या कडेत असते. त्यामुळे रिकाम्या रायफलीचा चाप ओढल्यास सुई नळीच्या कडेवर आपटून खाच पडू शकते. गोळी लहान असली तरी सुमारे दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. लक्ष्यामागे मातीचा उंच बांध नसल्यास शिवारात बार काढूच नये. पलीकडे एखादा गुराखी असू शकतो.