तापाने निपचित पडलेलं मूल आणि जोरात सोडलेलं सलाईन

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "पोर तापाने निपचित पडलं होतं, हातपाय गार होते, तरी डॉक्टरांनी सलाईन थेंब थेंब का लावलं? जोरात का नाही सोडलं?" मी तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो, हा प्रश्न वॉर्डात जवळजवळ रोज ऐकतो. आपल्याकडे सलाईन म्हणजे ताकद. "डॉक्टरसाहेब, एक बाटली लावा की, तरतरी येईल." त्यात लोकांचं काही चुकत नाही, आम्हालाही साधारण हेच शिकवलं होतं.

शिकवलं होतं ते असं. जंतुसंसर्गाने मूल शॉकमध्ये गेलं, म्हणजे नाडी मंद, हातपाय गार, नख दाबून सोडलं की रंग परत यायला वेळ, तर किलोमागे २० मिली द्रव भराभर द्यायचा, गरज पडली तर पुन्हा द्यायचा. याला बोलस म्हणतात. हा नियम आला श्रीमंत देशांतल्या मोठ्या रुग्णालयांतून. तिथे पाणी जास्त झालं, फुप्फुसात उतरलं, तरी शेजारी व्हेंटिलेटर उभा असतो, अतिदक्षता विभाग असतो. आमच्याकडे काय असतं? ऑक्सिजन, सलाईन, अँटिबायोटिक आणि रात्रपाळीला एक सिस्टर.

मग अशा ठिकाणी हा नियम चालतो का, हे कुणीतरी तपासायला हवं होतं. ते काम पूर्व आफ्रिकेत झालं. केनिया, युगांडा आणि टांझानिया इथल्या सहा रुग्णालयांत कॅथरीन मेटलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फीस्ट' नावाची चाचणी घेतली. खूप ताप, धाप किंवा शुद्ध हरपलेली आणि रक्ताभिसरण मंदावलेली मुलं तीन गटांत वाटली. एका गटाला सलाईनचा बोलस, दुसऱ्याला अल्ब्युमिनचा, तिसऱ्याला बोलस नाहीच, फक्त नेहमीचं हळू सलाईन. बोलस किलोमागे २० ते ४० मिली, तासाभरात. म्हणजे दहा किलोच्या मुलाला २०० ते ४०० मिली. बाकी उपचार सगळ्यांना सारखे.

बोलसने मुलं वाचतील अशी अपेक्षा होती. पण जानेवारी २०११ मध्ये, ३,१४१ मुलं झाल्यावर, देखरेख समितीने चाचणी मध्येच थांबवायला लावली. ४८ तासांत दगावलेल्या मुलांचं प्रमाण बोलसच्या दोन गटांत १०.६ आणि १०.५ टक्के होतं, बोलस न दिलेल्यांत ७.३ टक्के. हिशोब करून बघा: बोलस दिलेल्या दर तीस मुलांमागे साधारण एक मृत्यू जास्त.

टीका भरपूर झाली. निम्म्याहून जास्त मुलांना मलेरिया होता, बऱ्याच जणांचं रक्त फार कमी होतं, मग हे इतरांना कसं लागू होणार? रास्त शंका होती. पण मलेरिया असलेले, नसलेले, रक्त कमी असलेले, नसलेले असे वेगळे गट करून पाहिलं, तरी बोलसचा फायदा कुठे दिसला नाही. आणखी एक गंमत (गंमत कसली म्हणा): जास्तीचे मृत्यू फुप्फुसात पाणी होऊन झाले असतील असं सगळ्यांना वाटलं होतं. नंतरच्या विश्लेषणात दिसलं की बहुतेक जादा मृत्यू रक्ताभिसरण कोलमडून झाले होते. म्हणजे ज्यासाठी औषध, तेच बिघडलं.

२०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हे उतरलं आहे: अतिदक्षता विभाग नसेल आणि मुलाचा रक्तदाब घसरलेला नसेल तर बोलस देऊ नका. रक्तदाब घसरला असेल तर द्या, पण थोडा थोडा, दर वेळी मूल तपासत.

आता नीट ऐका, कारण इथे गैरसमज झाला तर जीव जाईल. जुलाब-उलट्यांनी कोरडं पडलेलं मूल वेगळं. त्याच्या अंगातलं पाणी खरंच गेलेलं असतं, ते भरून द्यावंच लागतं: पीत असेल तर ओआरएस, पिण्यापलीकडे गेलं असेल तर शिरेतून, आणि तेही भराभर. फीस्टमध्ये जुलाबाची मुलं घेतलीच नव्हती. डेंग्यूच्या शॉकचंही गणित निराळं. त्यामुळे "पॉडकास्टवर सांगितलं, सलाईन वाईट" असं घरी जाऊन सांगू नका!

मग तापाच्या मुलाला आम्ही करतो काय? ऑक्सिजन, पहिल्या तासात अँटिबायोटिक, साखर तपासणं, रक्त कमी असेल तर रक्त. आणि हळू सलाईन. पंप नसला तरी जमतं. लहान मुलांच्या मायक्रोड्रिप सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिली होतो, म्हणून तासाला जितके मिली द्यायचे तितकेच थेंब मिनिटाला मोजायचे. दहा किलोच्या मुलाला तासाला ४० मिली, तर मिनिटाला ४० थेंब. सिस्टर घड्याळ धरून ते मोजतात आणि नळीवरचं चाक लावून जातात. त्या वळल्या की कुणीतरी मामा-काका "फारच हळू पडतंय" म्हणून चाक सैल करतो. पलंगाशी बसणार असाल तर त्या चाकाला हात लावू नका. थेंब थांबलेच, तर सिस्टरना हाक मारा.