वसंतातील टोमॅटो-मिरची : फुले गळू लागली, तर…

‘होळी जळाली, थंडी पळाली’ असे आपल्याकडे म्हटले जाते. थंडी सरली की घरातील बागप्रेमी मंडळींचे हात शिवशिवू लागतात. रोपवाटिकेतून टोमॅटोची चार आणि मिरचीची चार रोपे येतात, गॅलरीत वा गच्चीवर कुंड्यांची मांडणी होते. पंधरवड्यात रोपे तरारतात, फुलेही धरतात. आणि मग चैत्राच्या मध्यावर एके सकाळी कुंडीच्या मातीवर पिवळ्या-पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला दिसतो. फळ मात्र एकही नाही. आपलेच काही चुकले, खत कमी पडले किंवा रोग पडला, असा समज होतो आणि औषधांची शोधाशोध सुरू होते. वास्तविक बहुतेक वेळा त्या झाडाला औषधाची नव्हे, सावलीची गरज असते.

आपला वसंत निराळा

थंड प्रदेशांत वसंत म्हणजे हिमवर्षाव व गोठवणारी थंडी ओसरण्याचा काळ. त्यामुळे तिकडे टोमॅटो-मिरचीची लागवड वसंतात सुरू होते आणि पीक सौम्य उन्हाळ्यात हाती येते. महाराष्ट्रात वसंताच्या पोटातच ग्रीष्म दडलेला असतो. गुढीपाडव्याला लावलेले रोप फुलावर येते, तोवर विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशीच्या आसपास पोहोचलेला असतो.

म्हणूनच आपल्याकडे उन्हाळी टोमॅटोचे बी साधारणतः डिसेंबर-जानेवारीत रोपांसाठी टाकतात. टोमॅटोची रोपे चार-पाच आठवड्यांत, तर मिरचीची सहा आठवड्यांच्या सुमारास लावणीयोग्य होतात. बी टाकण्याची वेळ हुकली असेल, तर महाशिवरात्रीच्या आसपास तयार रोपे आणून लावणे श्रेयस्कर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेले टोमॅटोचे ‘धनश्री’ व ‘भाग्यश्री’ हे वाण, तसेच मिरचीचे ‘फुले ज्योती’ व दिल्लीहून आलेले ‘पुसा ज्वाला’ हे वाण आपल्याकडे परिचित आहेत. ढोबळी मिरची मात्र अधिक नाजूक. तिला थंड रात्री मानवतात. तिचा हट्ट या ऋतूत न धरता तो पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवावा.

कुंडी आणि माती

टोमॅटोच्या एका रोपाला किमान बारा इंच व्यासाची व तितकीच खोल कुंडी हवी, मिरचीला दहा इंचांची चालते. बागेतील माती, चांगले कुजलेले शेणखत वा गांडूळखत आणि नारळाचा भुसा समप्रमाणात घेऊन त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. तळाच्या छिद्रावर खापरीचा तुकडा ठेवावा. टोमॅटोचे रोप लावताना खालची पाने काढून खोड थोडे खोल पुरावे, कारण पुरलेल्या खोडाला नवी मुळे फुटतात. मिरचीचे रोप मात्र पूर्वीच्याच पातळीला लावावे. बांबूची काठी लावणीच्या दिवशीच रोवून ठेवावी, नंतर रोवल्यास मुळे दुखावतात.

ओल्या मातीने भरलेल्या अशा एका कुंडीचे वजन पंधरा-वीस किलोंच्या घरात जाते. त्यामुळे गच्चीवर कुंड्या मधोमध न मांडता तुळयांच्या वा भिंतींच्या कडेने, विटांवर उचलून ठेवाव्यात.

फुले का गळतात?

टोमॅटो व मिरचीचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या पुढे गेले आणि रात्रीही हवा निवेनाशी झाली, की परागकण दुर्बळ होतात, फळधारणा होत नाही आणि झाड ते फूल टाकून देते. हा रोग नव्हे. तापलेल्या दिवसांत फळांचा भार वाहण्यापेक्षा झाड स्वतःचा जीव सांभाळते, इतकेच.

त्यावर उपाय साधे आहेत. या झाडांना पाच-सहा तासांचे ऊन हवे, पण ते सकाळचे. दुपारी बारा ते चार या वेळात हिरव्या जाळीची किंवा जुन्या सुती साडीची सावली करावी. मातीवर पाचट, वाळलेला पाला वा नारळाच्या शेंड्या यांचे दोन इंचांचे आच्छादन घालावे. सकाळी आठ-नऊच्या सुमारास फुलांच्या घोसाला बोटाने हलकेच टिचकी मारावी, त्याने पराग मोकळा होतो. या काळात जादा नत्रखत देऊ नये, अन्यथा पाने माजतात व फळे रुसतात.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे टोमॅटोचा तळ काळा पडून बसणे. फळाला कॅल्शियम पोहोचले नाही की असे होते. पण कॅल्शियम मातीत नसते असे नाही, ते पाण्याबरोबरच फळापर्यंत जाते. एक दिवस कुंडी कोरडीठाक आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब, अशा पाणीपाळीत हा प्रवाह तुटतो. अंड्याची टरफले टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु टरफले कुजायला फार काळ लागतो. त्यापेक्षा रोज ठरावीक वेळी बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे आणि कोरडे लागले तर पाणी द्यावे. कडक उन्हात सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावे.

एक घरगुती उपाय, जो करू नये

मिरचीची पाने वरच्या बाजूस वळली, तर बहुधा फुलकिडे असतात. होडी उपडी घातल्यासारखी खाली वळली, तर कोळी. टोमॅटोवर पांढरी माशी येते व पाने गोळा करणारा विषाणू पसरवते. अशा वेळी ‘तंबाखूचे पाणी फवारा, घरगुतीच आहे’ असे सांगणारे हमखास भेटतात. मीही काही वर्षांपूर्वी ते ऐकले. रात्रभर भिजवलेला तंबाखू उघड्या हातांनी पिळला आणि फवारला. तासाभरात मळमळ व गरगर सुरू झाली. त्याच संध्याकाळी माझी पाच वर्षांची नात नेहमीच्या सवयीने झाडाचा टोमॅटो तोडून थेट तोंडात घालायला निघाली होती. तिचा हात धरला, तेव्हा माझाच हात थरथरत होता.

निकोटीन हे विष आहे आणि ते त्वचेतूनही शरीरात शिरते. शिवाय तंबाखू, टोमॅटो व मिरची ही एकाच कुळातील भावंडे असल्याने तंबाखूतील मोझॅक विषाणू हातांवाटे या रोपांना लागू शकतो. तेव्हा तंबाखू मळणाऱ्याने वा ओढणाऱ्याने साबणाने हात धुतल्याविना या झाडांना स्पर्श करू नये. ‘घरगुती’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे, हा धडा मला त्या दिवशी मिळाला.

मग करावे काय? पिवळे व निळे चिकट सापळे टांगावेत. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरकस फवारा मारावा. कीड वाढलीच तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा सौम्य साबण घोटून संध्याकाळी फवारावे, आणि फळे धुऊनच खावीत. विषाणूने गोळा झालेले झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही. ते मन घट्ट करून उपटावे, म्हणजे शेजारची वाचतील.

कुंडीतून ताटात

टोमॅटोचा रंग पालटू लागताच फळ तोडून घरात सावलीत पिकवावे. तीव्र उष्म्यात फळातील लायकोपीन हे लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही व फळ पिवळट राहते. घरात ते चांगले रंगते. कच्चे फळ शीतकपाटात ठेवू नये.

लायकोपीन शिजवल्याने व थोड्या स्निग्धांशाच्या सोबतीने शरीराला अधिक सुलभ होते, तर ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने घटते. त्यामुळे तुपाच्या फोडणीचे सार आणि ताज्या टोमॅटोची कोशिंबीर, दोन्हींना ताटात स्थान असावे. मिरचीचे म्हणाल, तर ‘क’ जीवनसत्त्वावरील संशोधनासाठी 1937 साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी हंगेरीतील लाल मिरचीतूनच ते विपुल प्रमाणात मिळवले होते. अर्थात आपण खातो त्या एक-दोन मिरच्यांनी दिवसाची गरज भागत नाही. मिरचीचा जाळ बियांत नसून बिया ज्याला चिकटतात त्या पांढऱ्या गरात असतो. तो काढला की मुलांनाही ती सोसते. चिरताना हात झोंबले, तर आधी तेल चोळून मग साबणाने धुवावेत. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी दोन्ही बेताने खावीत. मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पोटॅशियम कमी करण्यास सांगितले आहे, त्यांनी टोमॅटोचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी रोज ओतून टाकावे आणि आठवड्यातून एकदा ताटली घासावी. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला तेवढे पाणी पुरते. मुलांनी टोमॅटोची पाने चघळू नयेत, याकडेही लक्ष असू द्यावे.

एवढे करूनही वैशाखात फळधारणा थांबली, तर खंत करू नये. झाड जिवंत असेल, तर थोडी छाटणी करून त्याला सावलीत जपावे. मिरची तर पावसाच्या पहिल्या सरींनंतर पुन्हा बहरते. आता आमच्या गच्चीवर तंबाखू येत नाही. नात सात वर्षांची झाली आहे. टोमॅटो तोडते, नळाखाली धुते आणि तिथेच उभी राहून खाते. तिला थांबवण्याची गरज आता पडत नाही.