लहानच राहिलेला राखणदार

शिरगावच्या किल्ल्यात धनाचा हंडा पुरलेला आहे, हे मला वयाच्या सातव्या वर्षी कळलं. सांगणारा मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होता, त्यामुळे शंका घेण्याचा प्रश्न नव्हता. हंड्यावर नाग बसलेला असतो आणि जमिनीखालचं धन फक्त पायाळू माणसालाच दिसतं, हेही त्यानेच सांगितलं. आमचा किल्ला तसा छोटा, गावातच, समुद्राजवळ. पोर्तुगीज अमदानीतला. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, जानेवारी १७३९मध्ये, तो मराठ्यांकडे आला. पण हे पुढे कळलं. हंडा आधी.

गेली वीसेक वर्षं मी लोककथांतल्या राखणदारांवर टिपणं काढतो आहे. पदवी वाणिज्य शाखेची, नोकरी हिशेबाची, त्यामुळे हे काम कोणी शिकवलं नाही, नको म्हणणारंही कोणी नव्हतं. गेल्या मे महिन्यात बोईसरचा भाचा आठवडाभर राहायला आला आणि ज्या संगणकावर मी ही टिपणं टंकतो त्यावरच त्याने एक खेळ आणून ठेवला. हा लेख त्या खेळातल्या एका जातीबद्दल आहे. वाचकांनी नाक मुरडू नये. मीही आधी मुरडलं होतं.

खेळाचं नाव 'डंजन क्रॉल स्टोन सूप'. मूळ खेळ लिनली हेन्झेल या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी १९९७ साली लोकांसमोर ठेवला. २००६पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी तो हाती घेतला आणि नावाला 'स्टोन सूप' जोडलं. युरोपातल्या एका लोककथेत एक वाटसरू गावात येऊन भांड्यात नुसता दगड उकळत ठेवतो. मग कोणी कांदा आणून टाकतं, कोणी गाजर, आणि बघता बघता सगळ्या गावाचं जेवण होतं. खेळही असाच शिजला. तो फुकट मिळतो.

खेळ म्हणजे एक भुयार. मुख्य भुयाराचे १५ मजले, शिवाय त्याला फुटलेल्या अनेक शाखा. त्या शाखांमधून 'रून' नावाची मंतरलेली चिन्हं मिळवायची, निदान तीन. मग तळातल्या झॉट नावाच्या शाखेतून एक दिव्य गोल उचलायचा आणि जिवंत वर यायचं. १९८० सालच्या 'रोग' नावाच्या खेळापासून चालत आलेल्या या घराण्याचे दोन नियम आहेत. भुयार दर वेळी नवं मांडलं जातं, त्यामुळे नकाशा पाठ करून उपयोग नाही. आणि मेलात की मेलात. पुन्हा पहिल्या मजल्यावर, नव्या जिवासह, रिकाम्या हाताने.

सुरुवातीला जात निवडावी लागते. वीसहून अधिक जाती आहेत. त्यांत धिप्पाड आहेत, मेलेले आहेत, पाण्यात पोहणारे आहेत. भाच्याने यादीवर बोट ठेवलं. "मामा, हा घे. स्प्रिगन. तुझ्यासारखाच आहे."

माझी उंची पाच फूट एक इंच आहे. मी तोच घेतला.

स्प्रिगन म्हणजे लहानखुरा, चपळ, जादूचं अंग असलेला प्राणी. त्याचा जीव इतरांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी. जड चिलखत अंगात बसत नाही, मोठी शस्त्रं हाताला पेलत नाहीत. दुसऱ्याच्या जादूला तो सहसा बधत नाही, अदृश्य शत्रू त्याला दिसतात आणि त्याच्या पावलांचा आवाज जवळजवळ होत नाही. एके काळी खेळात भूक लागत असे, तेव्हा हा शुद्ध शाकाहारी होता. इतर वीर मारलेल्या प्राण्यांचं मांस खात आणि हा फळं शोधत फिरे. २०२१ साली खेळातून भूकच काढून टाकली. मला ते थोडं लागलं.

त्याची खरी दौलत म्हणजे पाय. पण ही चपळाई बोटांची नाही, हे आधी सांगतो, कारण माझ्या वयाच्या लोकांना व्हिडिओ गेम म्हटलं की कळा बडवणारी पोरं आठवतात. इथे आपण कळ दाबेपर्यंत काळ थांबलेला असतो. चहा करून यावा, राक्षस तसाच गदा उगारून उभा. वेग म्हणजे निव्वळ हिशेब. साधारण प्राण्याला एक पाऊल टाकायला काळाची १० एककं लागतात, स्प्रिगनला ६. म्हणजे ६० एककांत शत्रूची पावलं सहा आणि याची दहा. चार घरांची आघाडी.

ती आघाडी खर्च करता येते, हे कळायला मला तीन आठवडे आणि बरेच जीव लागले. औषधाची कुपी पिणं, मंत्राचा कागद वाचणं, यांना स्प्रिगनलाही पूर्ण १० एककं लागतात. खंजिराचा वारही कसलेल्या हाताचाच तेवढा जलद होतो. त्याचे पाय जलद आहेत, हात नाहीत. म्हणून दहा पावलं पळावं, चार घरं मिळवावीत, त्यातलं एक घर देऊन कुपी प्यावी आणि उरलेल्या तिनांवर पुन्हा पळावं. जिन्याचंही तसंच. शत्रू अगदी खेटून असला तर तो आपल्यामागोमाग मजला चढतो, दोन घरं मागे असला तर खालीच राहतो. लठ्ठ योद्ध्याला जिना ही आशा असते, स्प्रिगनला तो दरवाजा असतो आणि कडी आपल्या बाजूला.

हिशेबाच्या नोकरीत आयुष्य गेल्यामुळे असेल, मला हे फार आवडलं. वेग म्हणजे पराक्रम नव्हे, शिल्लक.

ही शिल्लक कुठे चालत नाही तेही सांगायला हवं. बाणाला पाय नसतात. खाली घोडा आणि वर माणूस असा एक तिरंदाज या भुयारात भेटतो. त्याच्यापासून सरळ रेषेत पळणारा स्प्रिगन म्हणजे सरावाला ठेवलेली फळी. तिथे कोपरा लागतो, आडोसा लागतो. वटवाघळं याच्याहून जलद. कोल्ह्यांची टोळी किंचितच हळू, तेव्हा तिच्यापुढे आघाडी फार सावकाश साठते. आणि मारायचं कसं, तर झोपलेल्याला. निजलेल्या शत्रूवर खंजिराचा वार या खेळात कित्येक पटींनी लागतो. स्प्रिगन पावलं न वाजवता जवळ जातो, जमलं तर एका घावात संपवतो, न जमलं तर पळतो. आमच्या शाळेत याला भेकडपणा म्हणत. मी कबड्डीत कायम चढाईला असे, कारण पकडीत माझा उपयोग शून्य. हात लावून परत येणं एवढंच मला जमे. त्यालाही गुण मिळत, पण टाळ्या पकडीला पडत.

आता माझ्या मूळ विषयाकडे येतो. स्प्रिगन खेळवाल्यांनी कल्पिलेला नाही. तो इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधला, आणि तिथे तो राखणदार आहे. रॉबर्ट हंट यांनी १८६५ साली त्या भागातल्या कथांचा मोठा संग्रह छापला. त्यात स्प्रिगन म्हणजे जुन्या राक्षसांची भुतं. दगडांच्या राशी, प्राचीन थडगी आणि पुरलेलं धन ही त्यांची ठाणी. एका कथेत ट्रेनक्रॉम टेकडीवर एक माणूस रात्री सोनं खणायला जातो. वादळ उठतं आणि खडकांच्या फटींतून स्प्रिगन झुंडीने बाहेर पडतात. बाहेर पडताना लहान, जवळ येता येता मोठे, होत होत राक्षसांएवढे. तो माणूस पळतो आणि अंथरूण धरतो. दुसऱ्या कथेत एक कंजूष म्हातारा पऱ्यांची सोन्याची भांडी चोरायला माळावर लपतो. स्प्रिगन त्याला रात्रभर धाग्यांनी जखडून ठेवतात. उजाडल्यावर कळतं की ते धागे म्हणजे दवाने भिजलेली कोळ्याची जाळी.

हे वाचल्यावर मी खेळाकडे पुन्हा पाहिलं. दोन बदल झालेले आहेत. पहिला सरळ दिसतो. धन राखणारा इथे धन चोरायला भुयारात उतरला आहे, हंड्यावरचा नागच जणू हंडा शोधत निघाला. दुसरा बदल मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कॉर्नवॉलचा स्प्रिगन फुगून राक्षस होऊ शकतो. खेळातला नाही. तो पहिल्या मजल्यावर जेवढा असतो तेवढाच शेवटच्या मजल्यावर. अनुभव वाढतो, मंत्र वाढतात, उंची तीच. खेळ रचणाऱ्यांनी त्याचं फुगणं काढून घेतलं आणि पाय दिले.

आपल्याकडचे लहान आठवून पाहा. बलिप्रतिपदा आता तोंडावर आहे. वामन तीन पावलं जमीन मागतो, बटू म्हणून बळी हसून देतो, आणि मग बटू त्रिविक्रम होतो. सुंदरकांडात मारुती रात्री लंकेत शिरताना मांजराएवढा होतो. आधी वाटेत सुरसेच्या जबड्यासमोर तो वाढत जातो आणि मग अंगठ्याएवढा होऊन तिच्या तोंडात शिरून बाहेर येतो. मारुतीच्या त्या रात्रीची चाल, म्हणजे अंधार, आडोसा, झोपलेले पहारेकरी, ही थेट स्प्रिगनची आहे. फरक इतकाच की मारुतीचं लहानपण हा वेश आहे. ऐकणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असतं की हा खरा मोठा आहे, वेळ आली की दाखवील. लहान असणं आपल्या कथांना चालतं, लहान राहणं फारसं चालत नाही.

अपवाद शोधत बसलो तेव्हा भोपळ्यातली म्हातारी सापडली. ती वाघाला मारत नाही, कोल्ह्याला शाप देत नाही, कोणाचा अवतार निघत नाही. लेकीकडून जाडजूड होऊन येते, मग खा, असं सांगून मरण पुढे ढकलते आणि परतीला भोपळ्यात बसून रस्ता कापते. ती जाड होते हे खरं, पण ते जाड होणं तिला अधिक चविष्ट करतं, बलवान नाही. आधी मुदत मागायची, मग वेगाने निसटायचं. माझ्या मते मराठी स्प्रिगन शोधायचा तर वामनाकडे न जाता या म्हातारीकडे जावं. ही गोष्ट आपण फक्त मुलांना सांगतो, मोठ्यांच्या कीर्तनात तिला जागा नाही.

माझे आजवर एकशे बारा स्प्रिगन मेले. मी वहीत नोंद ठेवतो, सवयच आहे. पहिल्या चाळिसेकांच्या पुढे कारण म्हणून 'बाण', 'कोल्हे', 'घाई' असं लिहिलं आहे. सगळ्यांत लांब गेलेला एकोणनव्वदावा. त्याच्याजवळ दोन रून होत्या, झोपेचा मंत्र पक्का बसला होता, चांगला खंजीर होता. गणपतीच्या दिवसांत, रात्री एकच्या सुमाराला, एक गदाधारी राक्षस जागा झाला आणि माझ्याकडे चालत आला. जिना सहा घरांवर, वाट मोकळी, मंत्राला बळ पुरेसं. काहीही करता आलं असतं. पण दोन महिने सगळ्यांपासून पळून मला त्या रात्री वाटलं की आता आपण मोठे झालो. मी वळलो आणि समोरासमोर वार केला. त्याचे तीन फटके बसले. वहीत त्याच्यापुढे कारण लिहिलं आहे: 'फुगलो'.

भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "मामा, तू त्याला मारायला गेलासच कशाला? तुला कुठे त्याची गरज होती?"

खरोखरच नव्हती. राक्षसाजवळ रून नव्हती, तो वाटेतही उभा नव्हता. आठवड्याने मी नव्वदावा सुरू केला. सध्या एकशे तेरावा सातव्या मजल्यावर आहे. जिन्याच्या डाव्या हाताला दालनात कोणीतरी घोरतं आहे, अजून पाहिलेलं नाही. दिवाळीला भाचा येणार आहे, तोवर मी त्या दालनात शिरणार नाही.