कुष्ठरोगाचे दुरीकरण : घोषणेनंतरची जबाबदारी

इतिहासाचे अध्यापन करताना आम्हांस वारंवार जाणवते की, शासकीय घोषणेची तारीख लोकांच्या ध्यानात राहते आणि घोषणेतील शब्दांचा अर्थ मात्र विसरला जातो. डिसेंबर २००५ अखेर भारताने राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे दुरीकरण साध्य केले. 'देशातून कुष्ठरोग गेला' असा अर्थ समाजाने त्यातून काढला. वास्तविक, दर १०,००० लोकसंख्येमागे नोंदीवरील रुग्ण एकाहून कमी, एवढेच त्या शब्दात अभिप्रेत होते. आजही देशात दरवर्षी एक लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळतात. जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपलेच आहेत.

नारू मात्र खरोखर गेला. १९९६ साली राजस्थानात शेवटचा रुग्ण आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. नारूचा कृमी सुमारे वर्षभरात कातडीतून बाहेर येई, त्यामुळे रोग लपत नसे. पाणी गाळून पिणे आणि पायविहिरींत उतरणे थांबवणे, यांनी संसर्गाची साखळी तुटली. कुष्ठरोगाचा जंतू याउलट अत्यंत मंद गतीने वाढतो. संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास सरासरी पाच वर्षे, क्वचित वीस वर्षेही लागतात. २००५ साली ज्यांच्या शरीरात जंतू सुप्त होता, ते कोणत्याच नोंदवहीत नव्हते.

नोंदवहीचेही एक गणित आहे. बहुविध औषधोपचाराने असंख्य रुग्ण बरे झाले, हे निर्विवाद. परंतु उपचाराचा कालावधी कमी केल्यावर नावे नोंदवहीतून लवकर वगळली जाऊ लागली, आणि तेवढ्यानेही आकडा उतरला. पुढे कुष्ठरोगाची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली व घरोघरचा शोध मंदावला. शोधणारे कमी झाले की रुग्णही कमी दिसतात! २०१६ साली पुन्हा घरोघर शोधमोहीम निघाली, तेव्हा हजारो दडलेले रुग्ण उजेडात आले.

ते दडले कशामुळे, हे आम्हांस कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. माणसाला गावकुसाबाहेर ठेवणारी व्यवस्था आमच्या परिचयाची आहे. निराधार कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ पर्यंत रद्द झाला नव्हता; कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत कायद्यात होते. 'उदान' या पाली ग्रंथात सुप्पबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याची कथा आहे. अन्नवाटप चालले असेल, या आशेने तो गर्दीजवळ आला. तथागतांनी त्या सभेत धम्म समजण्यास योग्य म्हणून त्यालाच हेरले. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती सभा आमच्या आजच्या कित्येक वस्त्यांहून पुढारलेली म्हटली पाहिजे.

निवासी शाळेत मुले आमच्या नजरेसमोर राहतात, म्हणून शोधाचे काम येथे सोपे आहे. अंगावरील फिकट वा लालसर चट्टा, जो खाजत नाही, दुखत नाही आणि ज्यावर स्पर्श कळत नाही, तो आरोग्य केंद्रात दाखवावा. औषध मोफत मिळते. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते. ते सुरू होताच रुग्णापासून इतरांस संसर्ग होण्याची शक्यता लवकरच संपते. तेव्हा अशा मुलाचा बिछाना वेगळा करण्याचे किंवा त्यास घरी धाडण्याचे काहीही कारण नाही. विलंब झाल्यास मात्र नसा निकामी होतात आणि बोटे वाकडी होतात. रुग्णाच्या निकट सहवासातील व्यक्तींना, तपासणीनंतर, रिफाम्पिसिनची एक प्रतिबंधक मात्रा देण्याचीही तरतूद आहे. पालकांनी ती नाकारू नये.