कॉर्नियातलं पाणी मोजताना

डोळ्याच्या अगदी पुढे, बाहुलीवर, पारदर्शक पडदा असतो तो कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे 78 टक्के पाणी. तरीही तो काचेसारखा स्वच्छ राहतो, कारण त्यातले कोलॅजनचे तंतू एकसारखे बारीक आणि जवळजवळ सारख्याच अंतरावर रचलेले असतात. तंतूंवरून विखुरणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना खोडून काढतात आणि सरळ जाणारा प्रकाश तेवढा उरतो, असा खुलासा डेव्हिड मॉरिस यांनी 1957 मध्ये मांडला. पाणी वाढलं की ही रचना विस्कटते आणि नजर धुरकट होते.

पाणी शोषून फुगणं हा कॉर्नियाचा स्वभावच आहे. ते परत बाहेर काढण्याचं काम आतल्या बाजूला असलेल्या पेशींच्या एकाच थराकडे, एंडोथेलियमकडे असतं. गळक्या होडीतलं पाणी उपसत राहावं तशा या पेशी अखंड राबतात. यातली पेशी मेली तर तिच्या जागी नवी येत नाही, शेजारच्याच पसरून जागा भरतात. एर्न्स्ट फुक्स या व्हिएन्नाच्या नेत्रवैद्याने 1910 मध्ये ज्या आजाराचं वर्णन केलं, त्यात या पेशी हळूहळू कमी होत जातात. प्रत्यारोपण केलेला कॉर्निया शरीराने नाकारला, तरी सूज येते ती पाण्याचीच.

मग दवाखान्यात हे पाणी मोजतात कसं? खरं तर मोजत नाहीत. पॅकिमेट्रीने कॉर्नियाची जाडी मोजतात आणि तिच्यावरून पाण्याचा अंदाज बांधतात. एकाच डोळ्याची जाडी वारंवार मोजली तर हा अंदाज उपयोगी पडतो, पण पहिल्याच तपासणीत तो फसू शकतो. एखाद्याचा कॉर्निया मुळात 500 मायक्रॉनचा असेल आणि सुजून 540 झाला असेल, तर तो आकडा चारचौघांच्या सरासरीत चपखल बसतो. सूज आहे हे कुणाला कळणार?

नेमक्या याच ठिकाणी टेराहर्ट्झ लहरी कामाला येतात. सूक्ष्मलहरी आणि अवरक्त किरण यांच्यामधला हा पट्टा. 1 टेराहर्ट्झला लहरीची लांबी 0.3 मिलिमीटर असते. एक्स-रेसारखी पेशींना इजा करण्याइतकी ऊर्जा या लहरींत नसते. पाण्याशी मात्र त्यांचं नातं फार घट्ट आहे. ऊतकात पाणी जास्त असेल तर परत येणारी लहर वेगळी, कमी असेल तर वेगळी. त्वचेवर केस, घाम, रक्तवाहिन्या अशा अनेक गोष्टी मोजमापात घोळ घालतात. कॉर्निया गुळगुळीत, उघडा आणि रक्तवाहिन्यांविना आहे. या तंत्रासाठी शरीरात याहून चांगली जागा मला तरी दिसत नाही.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात वॉरन ग्रुंडफेस्ट आणि झॅकरी टेलर यांच्या गटाने हे काम चिकाटीने पुढे नेलं. शरीराबाहेर काढलेल्या कॉर्नियांवर त्यांना पाण्यातला हजारात दोन भागांइतका फरकही टिपता आला. पुढे सशांवर प्रयोग झाले. पण कॉर्निया गोलाकार, म्हणून त्यावर पातळ खिडकी टेकवून तो सपाट करावा लागे, आणि त्या स्पर्शानेच मोजमाप बिघडे. शिवाय दुखऱ्या डोळ्यावर काही टेकवणं कुणालाच नको असतं.

त्यावरचं उत्तर मला फार देखणं वाटतं. लहरींचा स्रोत, ग्राहक आणि रुग्ण तिघेही स्थिर. हलतो तो फक्त आरसा. त्याच्यावरून निघालेला झोत परवलयाकार आरशावर जातो आणि तिथून अशा बेताने वळतो, की कॉर्नियाच्या प्रत्येक बिंदूवर तो काटकोनातच पडावा आणि आल्या वाटेने परतावा. डोळ्याला काहीच शिवत नाही. शिजुन संग आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये हे यंत्र मांडलं. त्यासाठी निवडलेली 650 गिगाहर्ट्झ ही वारंवारताही विचारपूर्वक आहे. हवेतली वाफ 557 आणि 752 गिगाहर्ट्झच्या आसपास लहरी जोरात शोषते. मधल्या या जागेत वाट बरीच मोकळी असते.

आता अडचण. लहर कॉर्नियाच्या पुढच्या पृष्ठभागावरून परतते, तशीच थोडी मागच्या पृष्ठभागावरूनही परतते, आणि दोन्ही एकमेकींत मिसळतात. म्हणजे ज्या जाडीपासून सुटका हवी होती तीच पुन्हा आकड्यात डोकावते. वर अश्रूंचा काही मायक्रॉनचा थर असतो, तोही पाणीच. पाणी आणि जाडी एकमेकांपासून सोडवण्यासाठी अनेक वारंवारतांवर मोजून गणिताने उलगडा करावा लागतो. या विषयातलं खरं काम तेच आहे. ते पुरं होऊन मोठ्या संख्येने रुग्णांवर पारखलं जात नाही, तोवर याला तपासणी म्हणता येणार नाही.

तोपर्यंत वाचकांनी एक लक्षात ठेवावं. झोपेत पापण्या मिटलेल्या असल्याने कॉर्नियातलं पाणी उडून जात नाही. म्हणून सकाळी उठल्यावर धूसर दिसत असेल आणि दुपारपर्यंत ते निवळत असेल, तर वयाचा दोष म्हणून सोडून देऊ नका. नेत्रतज्ज्ञांकडून कॉर्नियाची जाडी आणि एंडोथेलियमच्या पेशींची संख्या दोन्ही तपासून घ्या.