फळीवरची मुलगी, गल्ल्यावरची बाई

दिवाळीच्या आधी आठ दिवस खेळाच्या सामानाच्या एखाद्या दुकानात कोपऱ्यात उभे राहून पाहावे. आई, वडील आणि बारा-तेरा वर्षांची मुलगी असे त्रिकूट आत शिरते. खरेदी मुलीसाठी असते. पैसेही पुष्कळदा आईच्याच पर्समधून निघायचे असतात. पण दुकानदार बोलतो तो मात्र वडिलांशी! "काय साहेब, चिरंजीवांसाठी का?" असे त्याने विचारले, की मुलगी हळूच आईच्या मागे सरकते आणि जी वस्तू मागायला ती महिनाभर घर डोक्यावर घेत होती, तिचे नावही तिच्या तोंडून फुटत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे कोणी समजू नये. स्केटबोर्ड नावाच्या चाकांच्या फळीने अमेरिकेतल्या पोरांना वेड लावले, त्याला आता साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या फळीच्या दुकानात पाऊल टाकणाऱ्या मुलींनाही "भावासाठी हवी आहे का?" हा प्रश्न वर्षानुवर्षे ऐकावा लागला. या प्रश्नाला मैदानावर उत्तर देणाऱ्या मुली पुष्कळ झाल्या. पण स्वतः धंदा मांडून, गल्ल्यामागे उभे राहून उत्तर देणाऱ्या बायका थोड्या. त्या थोड्यांची ही हकीकत आहे.

फळी आणि तिचे दुकान

आधी ही फळी काय चीज आहे ते पाहू. दिसायला साधी दिसली तरी तिचे अंग मॅपल लाकडाच्या सात पातळ पापुद्र्यांचे असते. ते एकावर एक चिकटवून दाबात घालतात, तेव्हा दोन्ही टोके जराशी वर वळतात. लांबी साधारण 31-32 इंच, रुंदी आठ इंचांच्या आसपास. खाली धातूचे दोन आस असतात, त्यांना या धंद्यात 'ट्रक' म्हणतात. प्रत्येक आसाला दोन चाके, प्रत्येक चाकात दोन बेअरिंगे. वरच्या बाजूला खरखरीत कागद चिकटवलेला असतो, म्हणजे पाय सरकत नाही.

सुरुवातीला ही चाके लोखंडाची होती, मग भाजलेल्या मातीसारख्या मिश्रणाची आली. वाटेत खडा आला की चाक अडायचे आणि पोरगे तोंडावर आपटायचे. 1973 च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने पॉलियुरेथेनची चाके बाजारात आणली. ती रस्त्याला धरून चालत. तेव्हापासून या खेळाचे रूपच पालटले.

गंमत अशी, की खऱ्या खेळाडूची फळी तयार मिळत नाही. ती दुकानात जुळवून घ्यावी लागते. पायाचे माप काय, खेळणार कुठे, रस्त्यावर की उतारांच्या मैदानात, आधी कधी चढला होतात का, हे सारे दुकानदार विचारतो आणि त्यानुसार फळी, आस आणि चाके निवडून समोर स्क्रू आवळून देतो. शिंप्याने अंगावर माप घ्यावे तसाच हा प्रकार. म्हणजे येथे मालाइतकेच मोल आहे सल्ल्याला. मूल नवशिके असेल तर सारा भरवसा त्या दुकानदारावर.

आणि धंद्याचे गणित? ते काही फार गोड नाही. फळ्या आणि चाके यांवर सुटणारा नफा बेताचा असतो. दुकान चालते ते बूट, सदरे, टोप्या यांच्या विक्रीवर. मोठमोठ्या साखळी दुकानांशी आणि घरपोच माल धाडणाऱ्या कंपन्यांशी भावात टक्कर देणे एकट्या दुकानदाराला जमत नाही. तो तगतो तो ओळखीवर. पोरे शाळा सुटल्यावर येऊन बसतात, कुणाच्या फळीचा स्क्रू ढिला झाला तर तो आवळून देतो, गावातल्या एखाद्या चांगल्या खेळाडूला दुकानाच्या नावाची फळी देतो. दुकान म्हणजे त्या पोरांचा कट्टाच. आता अशा कट्ट्यावर मुलीला परकेपणा वाटला, तर ती परत कशाला येईल? आणि अर्धे गिऱ्हाईक दारातूनच परत लावणारा दुकानदार व्यवहारी कसा म्हणावा?

मुखपृष्ठावरची मुलगी

या खेळाच्या प्रारंभी मुली नव्हत्या, असे म्हणावे तर तेही खरे नाही. 1965 च्या मे महिन्यात 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एकोणीस वर्षांची एक मुलगी झळकली. धावत्या स्केटबोर्डवर दोन्ही हात टेकून, पाय आकाशाकडे करून ती उलटी उभी होती! तिचे नाव पॅटी मॅगी.

पॅटी सॅन डिएगोची. समुद्राच्या लाटांवर फळी चालवणारी. तिच्या भावाने शाळेतल्या सुतारकामाच्या वर्गात पहिली स्केटबोर्ड बनवली आणि चाके काढली ती बहिणीच्याच स्केट्सची. भावाबहिणींचे व्यवहार सगळीकडे सारखेच! 1964 साली सांता मोनिका येथे झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत ती मुलींमध्ये पहिली आली. मग होबी या छापाच्या फळ्या बनवणाऱ्यांनी तिला पगारावर ठेवले. काम काय, तर गावोगावी हिंडायचे, मोठ्या दुकानांतून फळी चालवून दाखवायची आणि गिऱ्हाईक जमवायचे. दूरचित्रवाणीवरही ती झळकली. पैसे घेऊन हा खेळ खेळणारी पहिली स्त्री म्हणून तिचे नाव नोंदले गेले ते याच काळात.

पण नीट पाहिले तर ती या धंद्यात कुठे होती? दुकान दुसऱ्याचे, माल दुसऱ्याचा, गल्ला दुसऱ्याचा. माल खपवायला मुलगी हवी होती. फळी कोणती बनवावी आणि कोणासाठी, हे ठरवायला ती नको होती. त्यातच 'लाइफ'ने मुखपृष्ठावर या वेडाबरोबर त्याच्या धोक्याचाही उल्लेख केला होता. डॉक्टर मंडळींनी ओरड केली, अनेक शहरांनी रस्त्यावर फळी चालवायला बंदी घातली आणि वर्षाच्या आत बाजार कोसळला. पॅटीची नोकरी गेली. पुढे तिने डोंगराळ भागात जाऊन चामड्याच्या वस्तू केल्या, फिरोजाच्या खाणीतही काम केले, संसार केला, मुले वाढवली.

गोष्ट येथेच संपती, तर तीत विशेष काही नव्हते. पण जवळजवळ चाळीस वर्षांनी, पन्नाशी उलटल्यावर, तिने आपल्या मुलीला बरोबर घेऊन खास मुलींसाठी स्केटबोर्ड आणि खेळाचे कपडे विकण्याचा स्वतःचा धंदा सुरू केला. जिने तरुणपणी दुसऱ्याच्या दुकानात कसरत करून दाखवली, ती उतारवयात आपल्या नावावर माल विकू लागली. 2010 साली स्केटबोर्डच्या मानकऱ्यांच्या नामावळीत समावेश झालेली ती पहिली स्त्री ठरली. 2024 च्या ऑक्टोबरात, वयाच्या 79 व्या वर्षी ती गेली.

दोघी न्यूयॉर्कच्या

मधल्या काळात काय झाले? सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत मुली खेळत होत्या, पण दुकानांच्या भिंतींवर आणि मासिकांच्या पानांवर मुलगेच मुलगे. 1996 साली न्यूयॉर्कमध्ये कॅथरिन लायन्स आणि एल्स्का सँडर या दोघींनी 'रूकी' नावाची स्केटबोर्डची कंपनी काढली. रूकी म्हणजे नवशिकी. नावच असे, की दारात उभ्या असलेल्या मुलीची भीड चेपावी. फळ्या आणि कपडे दोन्ही त्या काढत आणि आपल्या संघात मुलींना मानाची जागा देत. कंपनी काही वर्षांनी बंद पडली. परंतु बाईने या धंद्यात मालकीण म्हणून उभे राहता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

1998 साली एलिसा स्टीमर या खेळाडूच्या नावाची फळी बाजारात आली. एखाद्या खेळाडूच्या नावाची फळी निघते, तेव्हा विकल्या जाणाऱ्या फळीमागे त्याला काही रक्कम मिळते. म्हणजे हा नुसता मान नव्हे, पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण किती मुलींना अशी फळी मिळणार? कंपन्यांचे उत्तर ठरलेले: "मुलींच्या नावाचा माल खपत नाही." मग 2012 साली लिसा व्हिटेकर हिने 'मिआव' ही कंपनी काढली. मांजराच्या आवाजाचे हे खेळकर नाव! लिसा स्वतः खेळणारी आणि कॅमेरा घेऊन मुलींच्या खेळाचे चित्रण करणारी. कोण मुलगी किती तयारीची आहे, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. चांगल्या चांगल्या मुली धन्यावाचून बसल्या होत्या, त्यांच्या नावाच्या फळ्या तिने काढल्या. त्यांतलीच मरायाह दुरान 2021 साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून उतरली. त्याच स्पर्धेत मुलींच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण आणि रौप्य मिळवणाऱ्या मोमिजी निशिया आणि रायसा लिआल या दोघी तेरा-तेरा वर्षांच्या होत्या. भावासाठी फळी नेणाऱ्या त्या नव्हेत!

आपल्या अंगणात

आणि आपल्याकडे? मध्य प्रदेशात पन्नाजवळ जनवार नावाचे खेडे आहे. तेथे 2015 साली उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी स्केटबोर्डचे मैदान उभारले. नियम दोनच: शाळेत गेल्याशिवाय फळी नाही, आणि मुलींचा नंबर आधी. त्या मैदानावर शिकलेली आशा गोंड 2018 साली चीनमधल्या नानजिंग येथे जागतिक स्पर्धेत उतरली. बंगळूरच्या अतिता वर्गीस हिने 2015 मध्येच 'गर्ल स्केट इंडिया' सुरू करून मुलींना एकत्र आणले. आणि 2022 साली गुजरातेत भरलेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत या खेळातले मुलींचे सुवर्णपदक पटकावले ते आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने.

मैदानावर मुली आल्या. आता प्रश्न दुकानाचा. आपल्याकडे बायका दुकान चालवत नाहीत असे कोण म्हणेल? मंडईत भाजीचा ढीग मांडून बसलेली मावशी आणि घरी पापड-मसाल्याचा धंदा वाढवणारी गृहिणी यांना हिशेब शिकवायला जाण्याची कुणाची छाती नाही. पण बाईने काय विकावे, याबद्दल आपल्या मनात एक यादी ठरून गेलेली आहे. साड्या, बांगड्या, खाद्यपदार्थ चालतात. चाके, बेअरिंगे आणि पाने आली की कपाळाला आठी पडते. अमेरिकेतल्या या बायकांनी तीच यादी फाडली. त्यांतल्या एकीचा धंदा बंद पडला, दुसरीला चाळीस वर्षे थांबावे लागले, हेही खरे. नफ्याच्या दृष्टीने हा मार्ग कुणाला सुचवावा असा मुळीच नाही. पण त्यांच्या दारात आलेल्या मुलीला एक गोष्ट नक्की मिळाली: तिला कुणी भावाबद्दल विचारले नाही.

यंदा मुलीला घेऊन खेळाच्या दुकानात जाल, तेव्हा एवढे करून पाहा. आई-वडिलांनी दोन पावले मागे उभे राहावे आणि काय हवे ते मुलीला स्वतःच सांगू द्यावे. दुकानदाराने तुमच्याकडे पाहिले, तर तुम्ही मुलीकडे पाहावे. पहिल्यांदा ती अडखळेल. पण तिच्या पायाचे माप, तिला हवा तो रंग आणि पडल्यावर कुठे लागते, हे तिच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?